वेग गाडीला, सातत्य लाइनला

सोसायटीच्या फाटकावर इंटरनेट कंपन्यांचे फलक लागतात. त्यांवर एकच आकडा मोठ्या टायपात असतो : १००, ३००, ५०० एमबीपीएस. घरात ऑनलाइन रेसिंग खेळणारं कुणी असेल तर त्यातला मोठा आकडा घेतला की प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटतं. कनेक्शन विकायला आलेला माणूसही तेच सांगतो. प्रत्यक्षात शर्यत चालू असताना खेळाला लागणारा डेटा सहसा एक एमबीपीएसच्याही आत असतो. ३०० केबीपीएस धरले तरी तासाभराच्या शर्यतीला सुमारे १३५ एमबी पुरतात. त्याच वेळी बाहेरच्या खोलीत कुणी फुल एचडी मालिका बघत असेल, तर तिकडे याच्या कितीतरी पट डेटा जातो आणि कुणाची तक्रार नसते. शर्यत मात्र अडखळते. तेव्हा रेसिंगसाठी कनेक्शन निवडायचं तर फलकावरचा आकडा बाजूला ठेवून सुरुवात करावी लागते.

शर्यतीत बिघडतं काय

पाहायचे आकडे तीन. पिंग म्हणजे तुमच्या मशिनकडून निघालेला निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो मिलिसेकंदांत मोजतात. हा वेळ दर खेपेला किती कमीजास्त होतो, ते जिटर. आणि वाटेत हरवलेले निरोप म्हणजे पॅकेट लॉस. एसटीत आसनं किती आणि ती स्वारगेटहून साताऱ्याला किती वेळात पोचते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एमबीपीएस पहिली गोष्ट सांगतात. शर्यत दुसरीवर चालते.

रेसिंगचं दुखणं इतर खेळांपेक्षा जरा निराळं आहे. गोळीबाराच्या खेळात सर्व्हर थोडं मागे जाऊन पाहू शकतो, की तुम्ही नेम धरला त्या क्षणी समोरचा नेमका कुठे होता. दोन गाड्या एकमेकींना घासल्यावर असं मागे जाऊन निवाडा करणं फार अवघड असतं. म्हणून बहुतेक रेसिंग गेममध्ये तुमच्या गाडीचं सगळं गणित तुमच्याच मशिनवर होतं आणि बाकीच्यांच्या गाड्यांबद्दल फक्त निरोप येत राहतात : जागा, वेग, दिशा. दोन निरोपांच्या मधला काळ खेळ अंदाजाने भरून काढतो. पडद्यावर शेजारी दिसणारी गाडी ही त्या अर्थाने अंदाजच असते. निरोप ठरल्या वेळाने येत राहिले तर अंदाज खरा ठरतो. मध्येच एखादा उशिरा आला किंवा आलाच नाही, तर गाडी आधी सरळ जात राहते आणि मग एकदम खऱ्या जागी उडी मारते. वळणाआधी सगळे ब्रेक लावत असताना ही उडी पडली, की तुम्ही ज्याला स्पर्शही केला नाही तो तुमच्या नावाने बोटं मोडत गवतात गेलेला असतो.

हे आकड्यांत मांडलं तर गांभीर्य कळतं. ताशी ३०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला ८३ मीटर जाते, म्हणजे १०० मिलिसेकंदांत सव्वाआठ मीटर. फॉर्म्युला वनच्या गाडीची लांबी साडेपाच मीटरच्या आसपास असते. सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात दीड गाडीचं अंतर पडतं, आणि चुरशीच्या शर्यतीत दोन गाड्यांमध्ये तेवढीही फट नसते.

यातूनच या सगळ्या विषयाचं मुख्य सूत्र निघतं. पिंग स्थिर असेल तर १२० चंही चालून जातं; खेळाला तेवढाच उशीर धरून अंदाज बांधता येतो. ४० वरून ११० वर आणि परत ४० वर असं हेलकावे खाणारं पिंग मात्र चालत नाही, सरासरी कितीही छान दिसो. पॅकेट लॉसचंही तसंच. रेसिंग गेमचे निरोप बहुतेक यूडीपी पद्धतीने जातात. त्यात हरवलेला निरोप पुन्हा पाठवत बसत नाहीत, कारण तो पोचेपर्यंत शिळा झालेला असतो. शंभरात एखादं पॅकेट गळलं तर व्हिडिओला पत्ताही लागत नाही, शर्यतीत ते दिसतं.

सर्व्हर कुठे आहे?

ऑप्टिकल फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर हजार किलोमीटरमागे जाऊन येऊन दहा मिलिसेकंद. ही निसर्गाची मर्यादा आहे. कुठलीही योजना घेतली तरी ती सुटत नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत साडेसहा हजार किलोमीटर भरतात, म्हणजे कमीत कमी ६५ मिलिसेकंद. केबल काही सरळ रेषेत जात नाही. ती अरबी समुद्रातून तांबड्या समुद्रात, इजिप्त ओलांडून भूमध्य समुद्रात आणि मग युरोपात असा वळसा घेते. त्यामुळे प्रत्यक्षात १२० ते १५० पिंग मिळालं तर कनेक्शन चांगलं समजावं. सिंगापूरला ते ६० च्या आसपास असतं. आणि सर्व्हर मुंबईत असेल तर पुण्या-नाशिकच्या फायबरवर एक आकडीसुद्धा मिळू शकतं.

समुद्रातली ही वाट बंदही पडते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ पुन्हा तुटल्या. दुसऱ्या वेळी भारतात येणाऱ्या सी-मी-वी-४ आणि आयएमईडब्ल्यूई या केबलींना फटका बसला. अशा वेळी वाहतूक लांबच्या वाटेने वळवली जाते आणि युरोपच्या सर्व्हरवरचं पिंग वाढतं. तेव्हा केबलवाल्याला फोन करून काही उपयोग नसतो.

भारतातच सर्व्हर उभा करायची सोय आता चांगली आहे. मायक्रोसॉफ्टची क्लाउड केंद्रं २०१५ पासून पुणे, मुंबई आणि चेन्नईत आहेत. ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, गुगलचं २०१७ पासून. असेटो कोर्सासारख्या खेळात कुणालाही स्वतःचा सर्व्हर चालवता येतो, म्हणून मित्रमंडळींच्या लीगसाठी मुंबईतला भाड्याचा सर्व्हर हा सर्वांत सोपा उपाय. ज्या खेळांत सर्व्हर कंपनीच ठरवते, तिथे खेळ विकत घेण्याआधीच आशियातला सर्व्हर आहे का आणि त्यावर संध्याकाळी माणसं असतात का, हे पाहून घ्यावं.

पुण्यातला भाऊ आणि म्युनिकमधली बहीण एकत्र खेळत असतील, तर सर्व्हर कुणाच्या बाजूला ठेवायचा यावरून वाद होतो. खरं तर एकाचा निरोप सर्व्हरमार्गे दुसऱ्याला पोचायचा एकूण वेळ महत्त्वाचा. सर्व्हर त्या वाटेवरच असेल तर तो मुंबईत ठेवा की फ्रँकफर्टमध्ये, बेरीज जवळपास तेवढीच येते. वेळेचं गणित मात्र आपल्या बाजूने आहे. जर्मनीत उन्हाळ्यात रात्रीचे आठ म्हणजे आपल्याकडे साडेअकरा, आणि हिवाळ्यात साडेबारा. आठ ते अकरा ही आपल्याकडची गर्दीची वेळ तोवर टळलेली असते. फक्त कंपन्यांची मेन्टेनन्सची कामंही बहुधा मध्यरात्रीनंतरच निघतात, एवढं लक्षात ठेवायचं.

दारात येणारे पर्याय

थेट घरात येणारं फायबर हा पहिला पर्याय. एका फायबरवरचा सुमारे अडीच जीबीपीएसचा प्रवाह ३२ किंवा ६४ घरांत वाटलेला असतो. अपलोडसाठी प्रत्येक घराला आळीपाळीने क्षणभराची वेळ नेमून दिलेली असते. ही वाटणी शिस्तीची असल्याने जिटर एक-दोन मिलिसेकंदांत राहतं. काचेच्या तारेतून वीज वाहत नाही, म्हणून वळवाच्या पावसात विजा कडाडल्या तरी उपकरण जळायची भीती कमी. वैरी एकच, रस्त्याची खोदाई. पेटीवरचा लाल दिवा लागला की कुठेतरी जेसीबी चाललाय हे ओळखायचं. कंपनी खासगी की सरकारी, यापेक्षा तुमच्या इमारतीत तिचं काम कसं आहे आणि तुटलेली लाइन किती तासांत जोडली जाते, याला महत्त्व द्या. जिन्यात भेटणारे दोन-तीन शेजारी हे जाहिरातीपेक्षा खरं सांगतात.

दुसरा पर्याय स्थानिक केबलवाल्याचा. गच्चीवरून गच्चीवर टाकलेली काळी लॅन केबल आणि जिन्यातल्या पत्र्याच्या पेटीतला स्विच हे चित्र मुंबई-ठाण्याच्या जुन्या चाळींपासून तालुक्याच्या गावापर्यंत सगळीकडे दिसतं. आता बऱ्याच ठिकाणी तोही फायबरच देतो. काम नीट असेल तर पिंग उत्तम मिळतं आणि फोन केला की माणूस दारात येतो, हा त्याचा मोठा गुण. दोष दोन. जिन्यातल्या स्विचला बॅटरी नसेल तर शेजारच्या इमारतीची वीज गेली तरी तुमची शर्यत संपते. आणि तांब्याच्या उघड्या केबलीतून वीज शिरून पोर्ट जळणं हे जून आणि ऑक्टोबरमधलं नेहमीचं दुखणं आहे. अशा ऑपरेटरने वरून घेतलेली क्षमता कमी असेल, तर रात्री नऊला तेही कळतंच.

तिसरा, ५जी वरचं घरगुती इंटरनेट. एअरटेलने ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्ली आणि मुंबईत, तर जिओने त्याच वर्षी सप्टेंबरात मुंबई-पुण्यासह आठ शहरांत ही सेवा सुरू केली. गच्चीत किंवा बाल्कनीत बसवलेली पेटी टॉवरशी बोलते आणि घरात वाय-फाय मिळतं. फायबर न पोचलेल्या भागांत ही मोठीच सोय झाली. वेगही दणदणीत असतो. पण रेडिओ लहरी टॉवरखालच्या सगळ्यांत वाटल्या जातात आणि संध्याकाळी माणसं घरी परतली की जिटर वाढतं. दुपारी २५ आणि रात्री ९० असा प्रकार होतो. टॉवर समोर दिसत असेल आणि दुसरा काही इलाज नसेल, तर अवश्य घ्या. फायबर दारात असताना केवळ बसवायला सोपं म्हणून घेऊ नका. या योजनांत महिन्याला एक टीबीसारखी डेटाची मर्यादा असते, ती मोठे खेळ उतरवणाऱ्याने पाहून घ्यावी.

मोबाइलचा हॉटस्पॉट सरावापुरता ठीक. घरातून फिरताना फोन टॉवर बदलतो, कॉल आला की गडबड होते, तापल्यावर फोन मंदावतो.

उपग्रहाचं दोन प्रकारांत पाहावं लागतं. जुन्या पद्धतीचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. निरोप वर जाऊन खाली यायचा आणि उत्तरही तसंच, म्हणजे प्रकाशाच्या वेगानेही जवळपास अर्धा सेकंद. शर्यतीसाठी हा पर्याय बाद. स्टारलिंकचे उपग्रह ५५० किलोमीटरच्या आसपास फिरतात, त्यामुळे पिंग बरंच कमी येतं. पण हे उपग्रह सतत सरकत असतात आणि जोडणीची फेरआखणी दर १५ सेकंदांनी होते; तेव्हा छोटे हिसके बसू शकतात. कंपनीला जून २०२५ मध्ये भारतात परवाना मिळाला. दुर्गम वाडीवस्तीवर ही सेवा वरदान ठरू शकते. शहरात फायबरशी तिची बरोबरी नाही.

अर्धा दोष घरातलाच

चांगलं फायबर घेऊनही गाडी उड्या मारत असेल, तर आधी राउटरपासून खुर्चीपर्यंतचा प्रवास तपासा. राउटर दिवाणखान्यात टीव्हीमागे, मशिन आतल्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट. आजूबाजूच्या वीस घरांचे राउटर त्याच २.४ गिगाहर्ट्झवर, जिथे एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. अशा वाय-फायवर पिंगचे हेलकावे अटळ आहेत. ५ गिगाहर्ट्झने फरक पडतो, पण खरा उपाय लॅन केबलचाच. साधी कॅट-६ केबल शंभर मीटरपर्यंत एक जीबीपीएस नेते आणि काही शे रुपयांत येते. महागड्या ‘गेमिंग राउटर’वर दहा हजार खर्च करण्याआधी ही केबल ओढून पाहावी. भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर दाराच्या चौकटीलगत चपटी केबल चिकटवून नेता येते.

दुसरं घरगुती दुखणं कमी लोकांना ठाऊक असतं. तुम्ही शर्यतीत आहात आणि आतल्या खोलीत कुणीतरी गणपतीचे व्हिडिओ फोनवरून क्लाउडवर चढवायला लावले. इतका वेळ १२ वर असलेलं पिंग २०० च्या पुढे जातं. याचं कारण राउटरमधली रांग. अपलोड १० एमबीपीएसचं असेल आणि राउटरने २५६ केबी डेटा रांगेत धरून ठेवला, तर तो बाहेर पडायलाच ०.२ सेकंद लागतात. तुमचा छोटा निरोप त्या रांगेच्या शेवटी उभा. याला बफरब्लोट म्हणतात. ज्या राउटरमध्ये एसक्यूएम नावाची सोय असते तो प्रत्येकाची वेगळी रांग करून लहान निरोपांना पुढे काढतो. एफक्यू-कोडेल आणि केक ही त्यातली नावाजलेली तंत्रं. तिथे वेगाची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवायची. थोडे एमबीपीएस जातात आणि शर्यत सुधारते. राउटरमध्ये ती सोय नसेल, तर शर्यतीच्या वेळी फोनचं बॅकअप बंद ठेवणं हा फुकटचा उपाय. कनेक्शन निवडताना अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच मिळतो का, हे विचारायचं ते यासाठीच.

तिसरी अडचण पत्त्याची. आयपीव्ही४ चे पत्ते कमी पडतात म्हणून अनेक कंपन्या शेकडो घरांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. याला सीजीनॅट म्हणतात. मध्यवर्ती सर्व्हरवर चालणाऱ्या खेळाला त्याचा त्रास नाही. पण जिथे खेळाडूंची मशिनं थेट एकमेकांशी बोलतात, तिथे एक्सबॉक्सवर ‘स्ट्रिक्ट’ किंवा प्लेस्टेशनवर ‘टाइप ३’ नॅट दिसू शकतं, लॉबीत शिरता येत नाही आणि घरून सर्व्हर चालवता येत नाही. कनेक्शन घेण्याआधी दोनच प्रश्न विचारा : आयपीव्ही६ मिळतं का, आणि स्टॅटिक आयपीला महिन्याला किती? समोरच्याला प्रश्नच कळला नाही, तर तांत्रिक विभागाशी बोलायचा आग्रह धरा.

शेवटचं, वीज. राउटर आणि फायबरची पेटी सहसा १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस दोन-अडीच तास सहज काढतो. मशिनला इन्व्हर्टर असून राउटरला नसणं, हा प्रकार पुष्कळ घरांत दिसतो.

घेण्याआधीची तपासणी

शेजाऱ्याकडे तेच कनेक्शन असेल तर रात्री नऊ ते दहाच्या दरम्यान त्याच्याकडे लॅपटॉप घेऊन जा. विंडोजची काळी खिडकी उघडून पिंगची आज्ञा तीनशे वेळा चालवा. पाचेक मिनिटं लागतात. आधी राउटरच्या पत्त्यावर, मग गुगलच्या ८.८.८.८ या पत्त्यावर, मग तुमचा खेळ ज्या शहरात चालतो तिथल्या एखाद्या सर्व्हरवर. राउटरवरच आकडे १ वरून ६० वर उड्या मारत असतील तर दोष वाय-फायचा, कंपनीचा नव्हे. राउटर स्थिर आणि दुसरा हलत असेल तर दोष कंपनीच्या लाइनचा. पहिले दोन स्थिर आणि फक्त तिसरा वाईट असेल, तर वाट लांबून जाते आहे. एका कंपनीची सिंगापूरची वाट सरळ आणि दुसरीची भलतीकडून, असं होतं. सरासरीकडे पाहू नका. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांतलं अंतर आणि हरवलेल्या पॅकेटांची टक्केवारी पाहा. मग फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ अपलोडला लावून तीच चाचणी पुन्हा करा. एवढ्यावर जे कळतं ते कुठल्याही स्पीड टेस्टच्या मोठ्या आकड्याने कळत नाही.

सगळं नीट असूनही शर्यत बुडू शकते, हेही माहीत असलेलं बरं. जानेवारी २०२३ मध्ये आभासी ल मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत फॉर्म्युला वनचा चालक मॅक्स व्हर्स्टापेन आघाडीवर असताना त्याची जोडणी तुटली आणि त्याने आयोजकांवर जाहीर टीका केली. त्याच्या घरी इंटरनेटची कमतरता असेल असं कुणी म्हणणार नाही. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर ग्रॅन टुरिस्मो ७ चे सर्व्हर एक दिवसाहून अधिक काळ बंद होते. अशा वेळी राउटर बंद-चालू करत बसू नये.

किती पैसे घालायचे

मोठा वेग फक्त खेळ उतरवताना कामाला येतो. आजचे मोठे रेसिंग गेम शंभर जीबीच्या घरात जातात. ३० एमबीपीएसवर शंभर जीबी उतरायला साडेसात तास, १०० वर सव्वादोन तास, ३०० वर पाऊण तास. रात्री लावून झोपायची तयारी असेल तर पहिलाही वेग चालतो. जिओफायबरने सप्टेंबर २०२० मध्ये ३९९ रुपयांत ३० आणि ६९९ रुपयांत १०० एमबीपीएस, वर १८ टक्के जीएसटी, अशी रचना आणल्यापासून घरगुती फायबर याच पट्ट्यात मिळू लागलं. चार माणसांच्या घरात १०० एमबीपीएस सुखाने पुरतात. त्याच्या वरचे पैसे केबल, छोटा यूपीएस आणि एसक्यूएम असलेला राउटर यांवर खर्च केले, तर शर्यतीत फरक दिसेल.

निवाडा असा : फायबर मिळत असेल तर फायबर, तेही जो तुमच्या गल्लीत तुटलेली लाइन लवकर जोडतो त्याचं. ते नसेल तर नीट ठेवलेलं स्थानिक ऑपरेटरचं. दोन्ही नसतील तर ५जी. वर्षभराची सवलत दाखवली तरी पहिल्या महिन्याचेच पैसे भरा, रात्री नऊची चाचणी घ्या आणि मग पुढचं ठरवा. आणि तुमचं जिटर आटोक्यात नसेल, तर ते येईपर्यंत सार्वजनिक शर्यतीत सर्वांत मागून निघा, नाहीतर एकट्याने सराव करा. खराब लाइनचा भुर्दंड नेहमी शेजारून जाणारा भरतो.